डबीवरचा दिवा

आमचे घरमालक गर्दीत शिरले की आधी खिशातून डबी काढायचे. पुरुषमाणसाच्या खिशातून डबी निघाली की ती तंबाखूचीच असणार, असं आपण धरून चालतो. यांची डबी पांढरी, गुळगुळीत, आणि तिच्यात कानात घालायची ती बिनतारी बटणं. इयरबड्स म्हणतात, हल्ली पोरापोरांच्या कानात असतात. काका झाकण उघडायचे, डबी छातीशी धरायचे आणि तिच्या पुढच्या अंगाला असलेल्या मोहरीएवढ्या दिव्याकडे टक लावून चालायला लागायचे. समोरून सायकल येवो की म्हैस, यांचं लक्ष दिव्यावर. गाणंबिणं काही नाही. ती बटणं त्यांनी जन्मात कधी कानात घातली नाहीत.

"डिब्बीवाले अंकल आ गए," असं बाजारातले भाजीवाले एकमेकांना सांगायचे. बालाघाटातच नाही, लालबर्र्याला, परसवाड्याला, कटंगीलासुद्धा. ज्या दिवशी ज्या गावचा बाजार, त्या दिवशी त्या गावी काका. हसणारे हसायचे. मलाही सुरुवातीला हसू यायचं, आणि राग तर त्याहून जास्त यायचा, कारण मी त्यांच्याच घरात भाड्यानं राहत होते आणि ऑफिसातल्या पोरी मला विचारायच्या, "मॅडम, आपके अंकल का कनेक्शन हुआ क्या?"

मी मूळची तुमसरची. विम्याच्या ऑफिसात बदली झाली म्हणून मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आले. घरमालक मराठी, काकूंच्या हातची भाकरी ओळखीच्या चवीची, एवढ्यावर मी खोली पसंत केली. माणूस कसा आहे ते कोण विचारतं! ते पहिल्याच आठवड्यात कळलं. सुट्टीचा दिवस होता, दुपारी जरा आडवी झाले होते, तर दारावर थाप.

"बाई, तुमच्या खोलीत एक दिवा विनाकारण जळून राह्यला."

"कुठला दिवा?"

"खिडकीतून दिसते ना. लाल आहे, जराकसा. कोणत्या ड्युटीवर आहे थो?"

माझ्या डासांच्या मशीनचा दिवा होता. सकाळी बंद करायची विसरले होते. मी म्हटलं, "राहू द्या काका, काय बिघडतं?" तर ते दारातच उभे. "मच्छर तर दिवसा झोपते. मंग ह्याले काहून उभं ठेवलं बिचाऱ्याले?" मी दाणकन बटण बंद केलं, दारही तसंच लावलं. बाहेरून आवाज आला, "हौ, आता बरोबर."

काकांची सगळी नोकरी वीज खात्याच्या सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून गेली होती. एक मोठं लोखंडी पॅनेल, त्यावर ओळीनं दिवे, आणि समोर खुर्ची. लाल दिवा म्हणजे लाईन चालू, हिरवा म्हणजे लाईन बंद. अख्खं तारुण्य त्या माणसानं तांबड्या-हिरव्याकडे बघत घालवलं. रिटायर झाल्यावर पॅनेल सुटलं, पण बघणं काही सुटलं नाही. रोज दिवेलागणीला ते घरभर फिरायचे. इन्व्हर्टरचा दिवा, फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा दिवा, टीव्हीचा डोळा, सगळ्यांची हजेरी. जो उगाच जळतो असं वाटेल त्याच्यावर काळी पट्टी चिकटवायची. टीव्हीवर अशी पट्टी बसली तेव्हा रिमोटच चालेना, आणि काकूंची मालिका ऐन लग्नाच्या प्रसंगात अडकली. काकूंनी त्यांना जे काही ऐकवलं ते मी भिंतीपलीकडून मजेत ऐकलं.

चौकातला सिग्नल तर त्यांना मुळीच मंजूर नव्हता. "लाल म्हणजे चालू. मंग लोकं थांबून काहून राह्यले? त्याईनं उलटं लावलं," असं म्हणत लाल लागला की ते खुशाल निघायचे. हवालदारानं एकदा हाताला धरून बाजूला घेतलं, तर त्यालाच पॅनेल समजावून सांगत बसले. वर ते नेहमीचं वाक्य: "माणूस खोटं बोलते भाऊ, दिवा नाही बोलत. जे आहे थेच दाखवते." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणायचे. ते हसायचे, रागवायचे नाहीत.

हसण्यासारखं एवढंच. बाकी त्या घरात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि ते कळायला मला वेळ लागला.

त्यांना एक मुलगा होता. उशिरा झालेला, एकुलता एक. कॉलेज संपवून घरीच होता आणि दिवसभर कानात ती बटणं. बाप काही बोलला की ऐकू नाही, आईनं जेवायला बोलावलं तरी ऐकू नाही. एक दिवस काकांचं डोकं फिरलं. त्यांनी पोराच्या कानातून दोन्ही बटणं ओढून काढली, डबीत टाकली आणि डबी आपल्या खिशात घातली. पोरगा ओरडला नाही, भांडला नाही. हिंदीत एवढंच म्हणाला, "रखना है तो रख लो।" आणि पाठीवर बॅग टाकून निघून गेला. हैदराबादला गेला, कुठल्याशा गोदामात कामाला लागला, हे नंतर कळलं. आईशी फोनवर बोलायचा. बापाशी नाही.

"मी ओढून काढलं बाई, माह्या हातानं," काका मला सांगत होते. ओसरीवर बसून, डबी मांडीवर. "कान लाल झालता त्याचा. थे मले दिसलं, तरी मी थांबलो नाही."

त्यानंतर काही महिन्यांनी काकांच्या छातीत कळ आली. नागपूरला नेलं, छाती उघडून ऑपरेशन झालं. महिना-दीड महिना त्यांना शुद्ध होती आणि नव्हती. घरी आले तेव्हा पोराचा फोन लागत नव्हता. काकूंचा भाऊ कटंगीला राहायचा. तो म्हणाला, पोट्ट्यानं हैदराबादची नोकरी सोडली, कुठं गेला पत्ता नाही, मी पोलिसात कळवून आलो. मग पुन्हा एकदा म्हणाला, कोणीतरी त्याले गोंदियाच्या बाजूले पाह्यलं म्हणते. काकांनी तेवढंच धरलं. पोरगा इथंच आहे, आपल्याच भागात. बापावर रागावला आहे म्हणून समोर येत नाही.

आणि त्यांच्या खिशात पोराची डबी होती.

कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ही बटणं एकदा ज्या फोनला जोडली त्या फोनला ओळखतात. फोन जवळ आला की आपोआप जोडली जातात. जवळ म्हणजे किती? हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. बस! काकांना रस्ता मिळाला. पोरगा नंबर बदलेल, दाढी वाढवेल, पण फोन तर तोच असणार, नवा घ्यायला कुठून आणेल? आणि बाजाराला कोण येत नाही? या भागातला माणूस आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या बाजारात असतोच. डबी उघडून गर्दीतून चालत राहायचं. कधी ना कधी तो हाकेच्या अंतरात येईल, आणि दिवा सांगेल.

हे सगळं त्यांनी मला ओसरीवर बसून सांगितलं. ऑफिसातल्या पोरींना दुसऱ्या दिवशी असं काही फटकारलं की पुन्हा कुणी काकांचं नाव काढलं नाही.

त्यांचं सांगून झालं तेव्हा, तिथंच ओसरीवर, मी पहिल्यांदा ती डबी नीट पाहिली. काकांनी झाकण उघडलं आणि कौतुकानं माझ्यापुढे धरली. "पाहा. लाल आहे. लाईन चालू."

लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

मी म्हटलं, "काका, याचा कागद होता का? बरोबर येतो तो?" त्यांनी तो जपून ठेवला होता, घड्या पडून पडून कपड्यासारखा मऊ झालेला. त्यातलं अक्षर मुंगीच्या पायाएवढं, ते त्यांना दिसत नव्हतं. मी वाचलं. पांढरा भराभर लुकलुकला, तर डबी नवा फोन शोधते आहे. निळा सावकाश लुकलुकला, तर जुन्या, ओळखीच्या फोनला शोधते आहे. निळा स्थिर झाला, तर फोन सापडला, जोडलं गेलं. मागचं बटण दाबून धरलं, तर सगळे जुने फोन विसरले जातात. आणि लाल म्हणजे बॅटरी संपली.

"पुन्हा वाचा," काका म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"लाल म्हणजे बंद?"

"बंदच समजा. चार्ज करायला पाहिजे, काका. तुम्ही शेवटचं चार्ज कधी केलं होतं?"

त्यांनी केलंच नव्हतं. लाल दिसतो म्हणजे लाईन चालू, मग चालू लाईनला कोण हात लावतं! नोकरीभर जे शिकले ते त्यांनी इथं लावलं होतं. ते बोटांवर मोजत एकेका गावाचं नाव घ्यायला लागले. "लालबर्रा... परसवाडा... कटंगी तर दर बाजारी... गोंदियाचं स्टेशन, दिवाळीची गर्दी होती..." थांबले. "मेलेली डबी घेऊन फिरलो मी. थो बाजूनं गेला असन तरी मले समजलं नसन."

मी माझा चार्जर आणला, डबी लावली. जेवणाच्या वेळेपर्यंत ती भरली. काकांनी झाकण उघडलं. निळा दिवा लागला, विझला, जरा थांबला, पुन्हा लागला.

"शोधून राह्यला," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडावर हसू होतं. "अवं, इकडं ये वं! पाहा, आपल्या पोट्ट्याले शोधून राह्यला!"

आत काहीतरी खणकन पडलं. काकू बाहेर आल्या नाहीत.

मी ताट ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. माझ्याकडे वळून इतक्या कडू आवाजात बोलल्या की मी त्यांना ओळखलंच नाही. "तुले कोणं सांगतलं त्याईले शिकवायले? चालून राह्यलं होतं ना त्याईचं? काहून मधात पडली?"

मला भयंकर वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला मदत केली आणि वर बोलणी खायची! आठवडाभर मी काकूंशी तुटक वागले. त्यांनीही समजूत घातली नाही. फक्त माझ्या दाराशी झाकून ठेवलेली भाकरी रोज येत राहिली.

त्यानंतर काकांचं फिरणं दुप्पट झालं. रात्रभर डबी चार्जला, सकाळी खिशात. डबीच्या मागच्या बटणावर त्यांनी काळी पट्टी तिहेरी चिकटवली, वरून मेणबत्तीचं मेण ओतलं. चुकून बोट पडलं आणि डबी पोराला विसरली तर? त्या बटणाची त्यांना एवढी धास्ती होती की झोपताना डबी उशाखाली ठेवत नसत, दाबली जाईल म्हणून.

लालबर्र्याचा प्रसंग त्या बटणावरूनच झाला. मी ऑफिसच्या कामानं तिकडे गेले होते. बाजाराच्या कडेला मोबाईलच्या दुकानासमोर ही गर्दी, आणि मधोमध आमचे काका. त्यांनी एका तरण्या दुकानदाराची कॉलर धरली होती. तो बिचारा रडकुंडीला आलेला. "अरे अंकल, मैं तो कनेक्ट करके दे रहा था! आपका लाइट ब्लिंक कर रहा है, पेयर नहीं हो रहा, मैंने सोचा रीसेट मार देता हूँ!"

त्याच्या नखात काळ्या पट्टीचा तुकडा होता. मेण अर्धं निघालं होतं.

"दाबलं का?" काका विचारत होते. "सांग, दाबलं का तुनं?"

"नहीं दबाया! माँ कसम!"

मी मध्ये घुसले, काकांचा हात सोडवला. त्यांना दुकानाच्या पायरीवर बसवलं. म्हटलं, झाकण उघडा, बघू. ते उघडेनात. शेवटी मीच उघडलं. पांढरा असता तर सगळं संपलं होतं. निळा लागला. सावकाश. विझला, पुन्हा लागला. काकांनी श्वास सोडला आणि गुडघ्यात डोकं घातलं. मग उठून त्या दुकानदाराच्या पाया पडायला निघाले, त्याला काही कळेना, तोच उलट त्यांच्या पाया पडला. बसमध्ये मला म्हणाले, "त्याले मारलं असतं मी बाई. एवढा राग मले आयुष्यात दोनदाच आला." पहिला कधी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता काकूंबद्दल. काकू दर पितृपक्षात अमावास्येला कटंगीला भावाकडे जायच्या. हे मला नेहमी खटकायचं. सर्वपित्री अमावास्येला घरची बाई आपल्या घरी पान वाढते, माहेरी कशाला जाते? मी एकदा विचारलंही. "भाऊ एकटा आहे, त्याच्या घरचं कोण करन?" म्हणाल्या. भावाला सून होती, चांगली धडधाकट. मी मनात म्हटलं, असेल बाई काही, आपल्याला काय करायचं. काका त्या दिवशी घरी एकटेच आपल्या आईवडिलांचं पान भिंतीवर ठेवायचे, कावळ्याची वाट बघत बसायचे.

त्या वर्षी काकूंचा भाऊ गेला. पोरं घराला कुलूप लावून रायपूरला निघून गेली. काकू दिवस करून परत आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत एक फडक्याचं गाठोडं होतं. ते त्यांनी तांदळाच्या कोठीत ठेवलेलं मी पाहिलं. भावाची आठवण असेल, असं वाटलं.

मग अमावास्या आली. काकू पहिल्यांदाच घरी होत्या. सकाळपासून वडे, खीर, कढी. मलाही जेवायला सांगितलं होतं. काकांनी आंघोळ करून पान वाढून घेतलं, अंगणाच्या भिंतीवर ठेवलं, पाणी सोडलं, आणि ओसरीवर येऊन बसले. मी समोर वेताच्या मोढ्यावर. कावळा काही येईना. रिकामा हात काकांना कधी जमायचा नाही, त्यांनी खिशातून डबी काढली आणि धोतराच्या टोकानं पुसायला लागले. पुसता पुसता झाकण उघडलं.

निळा लागला. विझला. लागला.

आणि तसाच राहिला.

मी बघत होते. काकाही बघत होते. मला वाटलं, माझेच डोळे थकले. मी वाट बघितली तो विझायची. तो विझला नाही. स्थिर, शांत, जसा कागदात लिहिला होता तसा.

काका ताडकन उठले. आधी फाटकाकडे धावले, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी पोराला नावानं हाक मारली, एकदाच. उत्तर नाही. ते डबी हातात धरून परत आले, ओसरी ओलांडून आत गेले. मी मागोमाग. मला खरंच वाटलं होतं की पोरगा मागच्या दारानं आला.

स्वयंपाकघराच्या दाराशी काका थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. काकू आमच्याकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यापुढे दुसरं पान वाढलेलं होतं. वडे, खीर, कढी, वर तुळशीचं पान. आणि पानाच्या पलीकडे, भिंतीला टेकवून, एक मोबाईल उभा केला होता. काच तडकलेली. पडद्यावर त्यांच्या पोराचा फोटो, हसणारा, कानात बटणं घातलेला. शेजारी ते फडकं मोकळं पडलं होतं.

काकू पदर तोंडात कोंबून रडत होत्या. आवाज मुळीच नव्हता, फक्त पाठ हलत होती. किती वर्षांची सवय असेल ती, बिनआवाजाची!

मला वाटलं काका कोसळतील. मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, त्यांनी तो हळूच बाजूला केला. मग त्यांनी डबीचं झाकण लावलं. अगदी सावकाश, टक् असा आवाज होतो तो होऊ न देता. उलट्या पावलांनी ओसरीवर आले. माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

ओसरीच्या कडेला बसले, दोन-चार श्वास घेतले. नंतर अंगणात उतरून मोठ्यानं खाकरले, चपला मुद्दाम घासल्या, आणि अंगणातून ओरडले, "अवं, कावळा आला वं! शिवला, शिवला पानाले!"

मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर पान जसंच्या तसं होतं. कावळा नव्हता. दूरच्या झाडावरसुद्धा नव्हता.

आत घाईनं काहीतरी आवरल्याचा आवाज झाला. काकू पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. "शिवला?"

"हौ. लगेच शिवला."

"खरंच?"

"आता काय खोटं सांगू तुले? मी पाह्यलं ना. खीर नेली त्यानं."

काकूंचा चेहरा असा निवळला की मला बघवेना. त्यांनी भिंतीकडे हात जोडले. "बरं झालं," म्हणाल्या, "भूक लागली असन." काका मान खाली घालून चपला नीट लावत राहिले.

दोन दिवसांनी मी काकूंना गाठलं. ते आतलं पान मी पाहिलं म्हटल्यावर त्यांनी मला आत ओढलं, दार लावलं. सगळं सांगितलं. पोरगा हैदराबादला कामावरून चालत येताना गाडीखाली गेला. काका तेव्हा नागपूरला, छाती शिवलेली. डॉक्टर म्हणाले, आत्ता धक्का देऊ नका. भाऊ एकटा गेला, तिथंच अग्नी दिला, फोन घेऊन आला; तो त्याच्याकडेच बंद असायचा, काकू फक्त अमावास्येला पानापुढे चालू करायच्या. आज नको उद्या सांगू, या महिन्यात नको पुढच्या महिन्यात सांगू, असं करता करता काकांना डबीचा नाद लागला आणि ते उठून चालायला लागले, जेवायला लागले. मग कोणत्या तोंडानं सांगणार? मोठ्यानं रडायला त्यांना फक्त भावाचं घर होतं, आणि वर्षातून एक दिवस.

"त्याईले सांगजो नको पोरी," त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "थे आशेवर जगून राह्यले. आशा गेली तर माणूस जाईन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एकानं ओठांवर बोट ठेवलेलं, दुसरीनं हात धरलेले. त्या घरात मी मग जास्त दिवस राहिले नाही. बदली मागितली, मिळाली.

जायच्या आधी एकदा तुमसरला घरी निघाले होते, कटंगीला बस बदलायची होती. बाजाराचा दिवस होता. स्टँडच्या बाहेर मिरचीवाल्यांच्या रांगेतून काका चालत येत होते. डबी उघडी, छातीशी धरलेली, नजर दिव्यावर. "डिब्बीवाले अंकल," कुणीतरी म्हणालं. काकूंच्या माहेरची ओळखीची एक बाई कांदे घेत होती, तिच्यासमोरून ते मुद्दाम दोनदा गेले. तिनं नमस्कार केला, यांनीही केला.

मी जवळ गेले. डबीकडे पाहिलं. दिवा लाल होता. दोनदा लुकलुकला आणि विझला.

"काका, चार्ज संपलंय."

"हौ. माहीत आहे."

"मग?"

ते माझ्याकडे बघून हसले, पोरासारखे ओशाळून. "मी घरी बसलो तर तिले समजन ना, का मले समजलं. मंग थे कोणासाठी उभी राहीन?" त्यांनी कांदे घेणाऱ्या बाईकडे मान वळवली. "हे बाई फोन करून सांगते तिले. तुहे बुढे आले होते, शोधून राह्यले होते म्हणून. त्या दिवशी दोन घास जास्त जेवते थे."

माझी बस लागली होती, कंडक्टर ओरडत होता. खिडकीत बसल्यावर मी मागे वळून पाहिलं. काका विझलेली डबी समोर धरून गर्दीत शिरत होते, आणि माणसं त्यांना वाट करून देत होती.